मध्यस्थीच्या तारखेआधी: वाटपाचा दावा चालवणाऱ्या नव्या वकिलांसाठी

साक्षीची तारीख असली की आपण रात्र जागून उलटतपासाचे प्रश्न काढतो. युक्तिवाद असला की निवाडे शोधतो. मध्यस्थीच्या तारखेला मात्र डायरीत नुसतं 'मध्यस्थी' एवढंच लिहिलेलं असतं. पक्षकाराला मध्यस्थी केंद्राच्या जिन्यात गाठायचं, "मग, काय ठरवलंत?" असं विचारायचं, त्याने "तुम्ही सांगाल तसं" म्हणायचं, आणि अर्ध्या तासात तडजोड झाली नाही असा अहवाल कोर्टात परत. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मीही हेच करत होतो. तेव्हाचा दोन सख्ख्या भावांचा एक दावा अजून चालू आहे. ते दोघेही आता नाहीत. त्यांचे वारस दाव्यात आले. एका बाजूचा वारस लावण्याचा अर्ज मीच लिहिला आणि तो लिहिताना मला ती मध्यस्थीची तारीख आठवली. त्या दिवशी तयारी करून गेलो असतो तर दावा मिटलाच असता असं मी म्हणत नाही. पण मिटू शकत होता का, हे तरी कळलं असतं.

तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाच्या हाती सगळ्यात आधी येतो तो वाटपाचा दावा. म्हणून तयारी कशी करायची ते एकच उदाहरण धरून सांगतो. समजा, वडिलोपार्जित सहा एकर बागायत आहे, म्हणजे २४० गुंठे. आईवडील गेले. थोरला भाऊ गावात शेती करतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे, मधली बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. बहिणीने एक तृतीयांश हिश्श्यासाठी दावा लावला आहे. तुम्ही थोरल्याचे वकील आहात.

कायद्याची चौकट, थोडक्यात

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ आजच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. कोणता दावा मध्यस्थीला योग्य आणि कोणता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अ‍ॅफकॉन्स निवाड्यात सांगितलं. वाटप, भागीदारी, शेजाऱ्यांचे वाद, कौटुंबिक वाद योग्य. प्रातिनिधिक दावे, निवडणुकीचे वाद, बनावट दस्ताचे गंभीर आणि नेमके आरोप असलेले दावे सहसा योग्य नाहीत. त्याच निवाड्यातली दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. लवादाकडे पाठवायला दोन्ही बाजूंची संमती लागते, मध्यस्थीकडे पाठवायला लागत नाही. तेव्हा "आमची संमती नाही" एवढं म्हणून पाठवणं टळत नाही. तिथे जाऊन तडजोड करायची की नाही, हे मात्र पूर्णपणे पक्षकाराच्या हातात असतं. हा फरक त्याला पहिल्याच दिवशी सांगा. 'मध्यस्थी' म्हटलं की गावाकडच्या माणसाला वाटतं, कोणीतरी निकाल देणार.

व्यापारी वाद असेल तर गोष्ट वेगळी आहे. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर दाव्याआधीच मध्यस्थी करावी लागते, आणि ती सक्तीची आहे हे पाटील ऑटोमेशनच्या निवाड्याने २०२२ मध्ये पक्कं केलं. मध्यस्थी अधिनियम, २०२३ सुद्धा आला आहे, पण तो सगळा एकदम लागू झाला नाही. काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. एखाद्या कलमावर विसंबण्याआधी अधिसूचना बघायची सवय लावा.

आणि गोपनीयता. मध्यस्थाने कोर्टाला फक्त तडजोड झाली किंवा झाली नाही एवढंच कळवायचं, कोण काय बोललं ते कळवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोतीराम प्रकरणात स्पष्ट केलं. पक्षकाराला हे समजलं की तो मोकळा बोलतो.

फाइल नव्याने वाचा

मध्यस्थीसाठी फाइल वाचताना 'मी काय सिद्ध करू शकतो' एवढंच बघून भागत नाही. 'न्यायाधीश माझ्या पक्षकाराविरुद्ध काय लिहू शकतात' हेही बघावं लागतं.

आपल्या थोरल्याचं म्हणणं तीन गोष्टींवर उभं आहे. वाटणी पूर्वीच झाली, बहिणीच्या लग्नात खर्च केला, आणि तिने हक्कसोड दिली. एकेक तपासा. पूर्वीची वाटणी म्हणता, तर कागद कुठे आहे? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटणीला संरक्षण आहे, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. विनीता शर्मा निवाड्याने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलीचा सहदायिकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला मुलासारखाच हक्क, जन्मापासून मानला, आणि तोंडी वाटणीचा बचाव सार्वजनिक कागदपत्रांच्या भक्कम आधारावर, तोही अपवादानेच, चालेल असं सांगितलं. लग्नातल्या खर्चाने वारसाहक्क संपत नाही. हक्कसोड साध्या स्टँपपेपरवर असेल आणि नोंदणी झालेली नसेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. फेरफाराला बहिणीचं नाव लागलं नाही, एवढ्यावर मालकी ठरत नाही.

हे सगळं एका कागदावर, पक्षकाराला कळेल अशा भाषेत लिहा. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला त्याची जमेची बाजू लिहा. आईवडिलांचं आजारपण त्याने काढलं, विकास सोसायटीचं कर्ज त्याने फेडलं, बोअर त्याने मारली, पाइपलाइन त्याने केली. यातलं काही कायद्याने वजा मिळेल, काही मिळणार नाही. पण मध्यस्थाच्या टेबलावर या प्रत्येक गोष्टीला वजन असतं. म्हणून पावत्या, सोसायटीचा उतारा, दवाखान्याची बिलं आत्ताच मागवून घ्या.

कागदपत्रांत चालू सातबारा, आठ-अ, सगळे संबंधित फेरफार आणि गटाचा नकाशा घ्या. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' सदरात बोजा आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का, हे दोन्ही बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्ग २ असेल तर हस्तांतराला परवानगीचा प्रश्न येतो. तुकडेबंदी कायद्याखाली आपल्या भागात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याखाली जमिनीचा तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, किती धरलंय तेही तलाठ्याकडून नाही, अधिसूचनेतूनच बघा. ठरवलेला हिस्सा त्याखाली गेला तर उभी केलेली तडजोड महसुलाच्या दारात अडकते.

पक्षकारासोबतची बैठक

सगळ्यात जास्त वेळ मी या कामाला देतो. मध्यस्थी समोरच्या बाजूशी होते असं आपण धरून चालतो. पण खरी बोलणी आपल्याच पक्षकाराशी आणि आपल्याच ऑफिसात व्हायला हवी, तारखेच्या निदान आठ-दहा दिवस आधी. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर ही बैठक होत नाही. दोन तास काढा. त्याच्या घरात निर्णय कोण घेतं ते आधी विचारा आणि त्या माणसालाही बोलवा. थोरल्याचा मुलगा पंचवीस वर्षांचा असेल, शेती तोच बघत असेल, तर तो नसताना केलेली तडजोड संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कधी बायको असते, कधी मामा. हे तुम्हाला वकीलपत्रावरून कळत नाही.

पहिला अर्धा तास त्याला बोलू द्या, आणि कायद्याचं काहीही सांगू नका. मग विचारा, "जमीन बाजूला ठेवा. या भांडणात तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलंय?" एका थोरल्या भावाने मला सांगितलं होतं, "आईच्या दहाव्याला ती आली आणि बाराव्याला नोटीस आली." दाव्यात याचा उल्लेख कुठेच नव्हता. पण तो तडजोडीला का तयार होत नव्हता, ते त्या एका वाक्यात होतं. हे बोलून झाल्यावर तो प्रथमच गुंठ्यांचं बोलला.

मग हव्या असलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'का' लिहा. थोरला म्हणतो, "रस्त्याकडची जमीन मी सोडणार नाही." का? कारण घर आणि विहीर तिकडे आहे, ऊस तिथूनच बाहेर निघतो. म्हणजे त्याला खरं तर घर, पाणी आणि वाट एकत्र हवी आहे. बहिणीचं 'का' सुद्धा त्यालाच विचारा. भावंडांना एकमेकांचं बरंच माहीत असतं. बहुधा उत्तर येतं, "तिच्या मुलीचं शिक्षण चाललंय, पैशाची अडचण असणार." मग तिला जमीनच हवी आहे की काही जमीन आणि काही रक्कम चालेल, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. कधी तिला माहेरच्या सातबाऱ्यावर आपलं नाव बघायचं असतं, मग ते पाच गुंठ्यांवर का असेना. ही मागणी भावनेची आहे म्हणून हलकी धरू नका. मी बघितलेल्या कित्येक तडजोडी नेमक्या याच मुद्द्यावर जुळल्या किंवा तुटल्या.

त्यानंतर तो आधीचा कागद पुढे ठेवा. वाईट बाजू तुम्हीच सांगा, स्पष्ट आणि शांतपणे. "दावा चालला तर बहिणीचा एक तृतीयांश हिस्सा मान्य होण्याची शक्यता जास्त आहे" हे वाक्य मध्यस्थाच्या तोंडून प्रथम ऐकलं तर पक्षकाराला वाटतं, आपला वकील कमी पडला. तुमच्या तोंडून ऐकलं तर तो विचार करतो. इथे नवे वकील कचरतात, पक्षकार फाइल उचलून दुसरीकडे जाईल असं त्यांना वाटतं. क्वचित जातोही. तरी सांगायचं.

शेवटी फीचं बोला. मध्यस्थीच्या बैठकांची फी वेगळी ठरवून घ्या आणि ती तडजोड झाली तरी, न झाली तरी सारखीच ठेवा. तडजोडीच्या रकमेत टक्का घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. शिवाय फी पुढच्या तारखांवर अवलंबून राहिली तर आपला सल्ला कुठे झुकतो, हे आपल्यालाच कळत नाही.

सरस-निरस हिशेब

वाटप म्हणजे क्षेत्राचा भागाकार नव्हे. प्रत, पाणी, रस्ता धरून सरस-निरस मानाने वाटणी करायची असते, आणि तोच हिशेब बहुतेक वकील घरी करून येत नाहीत.

आपल्या उदाहरणात ४० गुंठे रस्त्याला लागून आहेत, २०० गुंठे मागे. समजा, रस्त्यालगत गुंठ्याला ६० हजार आणि मागे ३५ हजार भाव धरला. पुढची जमीन २४ लाखांची, मागची ७० लाखांची, एकूण ९४ लाख. एका हिश्श्याला येतात ३१,३३,३३३ रुपये. थोरला म्हणतोय, "पुढची एकर आणि तिच्या मागची एकर मला, बाकी चार एकर त्या दोघांना. प्रत्येकाला दोन-दोन एकर, वाटणी समान." क्षेत्राने समान आहे. किमतीने थोरल्याकडे ३८ लाख येतात आणि बाकी दोघांकडे २८-२८ लाख. म्हणजे त्याने बहिणीला ३,३३,३३३ आणि धाकट्याला ३,३३,३३३ रुपये दिले तरच हिस्से बरोबर होतात.

हा आकडा तुमच्याकडे आधी हवा. जमिनीच्या दराचे आकडे कुठून घ्यायचे? शीघ्रसिद्धगणक म्हणजे सरकारी दर बघा, आणि गावात मागच्या दोन-तीन वर्षांत झालेल्या खरेदीखतांचे भाव बघा. दोन्ही जवळ ठेवा, कारण समोरचा वकील त्यांतला त्याला सोयीचा तेवढाच घेऊन येईल.

आता प्रश्न असा, की तडजोड फिसकटली तर थोरल्याच्या हातात काय उरतं? प्राथमिक, म्हणजे कोणाचा हिस्सा किती ते ठरवणारा हुकूमनामा होईल, त्यावर अपील होईल, मग अंतिम हुकूमनाम्याची कारवाई. आकारणी असलेल्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत होतं, मोजणी होईल, हरकती येतील. आणि त्या वाटपात रस्त्याकडचे ४० गुंठे तिघांत विभागले जाऊ शकतात, म्हणजे त्याला जेमतेम १३ गुंठे. विहिरीत तिघांचा हिस्सा राहीलच. वडिलांच्या पश्चात घेतलेल्या उत्पन्नाचा हिशेबही बहिणीने मागितला असेल. हे सगळं समोर मांडलं की दिसतं, थोरल्यासाठी ३,३३,३३३ ही कमाल मर्यादा नाहीच. घर, पाणी आणि वाट एकत्र राहत असेल तर चार-साडेचार लाखांपर्यंत जाणंही त्याच्या फायद्याचं ठरू शकतं.

म्हणून तीन आकडे ठरवा. सुरुवात कुठून करायची, कुठे समाधान आहे, आणि कुठल्या आकड्यापलीकडे दावा चालवलेला बरा. तिसरा आकडा तुमच्या डायरीत राहू दे, टेबलावर जाणाऱ्या कागदांत त्याची चिठ्ठीही नको. पहिला आकडा असा ठेवा की त्याचं कारण सांगता येईल. "सोसायटीचे फेडलेले एक लाख वजा करून सव्वादोन लाख" असं म्हटलं तर त्यावर बोलता येतं. नुसतं "पन्नास हजार" म्हटलं की बहीण उठून जाते.

पैसे कुठून येणार, हेही याच बैठकीत विचारा. उसाचं बिल कारखान्याकडून कधी मिळतं, दुसरं काही विकायचं आहे का, कर्ज काढणार का. हप्त्यांच्या तारखा त्यावरूनच ठरवायच्या. दिवाळीपर्यंत देतो असं म्हणून नंतर न दिलेला हप्ता नवं भांडण घेऊन येतो.

ठरलेल्या मर्यादा पक्षकाराच्या सहीने लिहून घ्या. वकिलाने स्पष्ट सूचनेशिवाय पक्षकाराचा हक्क सोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात बजावलं आहे. वकीलपत्रातल्या छापील 'तडजोड करण्याचे अधिकार' या ओळीवर अवलंबून राहू नका.

टेबलाभोवती कोण हवं

सगळे सहहिस्सेदार पक्षकार आहेत का, हे तारखेआधी तपासा. मयताचे वारस लागले आहेत का, दाव्याच्या काळात कोणी जमीन घेतली आहे का, बँकेचा बोजा आहे का. एखादा भाऊ परदेशात असेल तर मुखत्यारपत्रात तडजोडीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. बाहेरच्या देशात केलेलं मुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, ही तारीख चुकली तर ऐन वेळी सगळं थांबतं.

कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर त्याच संहितेचा ऑर्डर ३२ नियम ७ काढून वाचा. कोर्टाची परवानगी लागते, पालकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असा तुमचा स्वतःचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर सही करताना हिशेब पुन्हा एकदा करून बघा.

भावकीच्या वादात एकच दावा सहसा नसतो. पोलिसांत अदखलपात्र तक्रार असते, फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील असतं, कधी मारहाणीचा गुन्हाही असतो. सगळ्यांची यादी करा. दिवाणी दावा मिटला आणि फौजदारी राहिली तर गावात काहीच मिटलेलं नसतं. तडजोडपात्र गुन्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली मिटवता येतो. तसा नसेल तर उच्च न्यायालयात कलम ५२८ चा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असं पक्षकाराला सांगू नका.

समोरच्या वकिलाला तारखेआधी फोन करा. आकडे बोलायचे नाहीत. कोण येणार आहे, कोणते कागद लागतील, मोजणीचा नकाशा दोघांनाही मान्य आहे का, एवढंच. मान्य असलेल्या गोष्टी आधीच ठरल्या की बैठकीचा पहिला तास वाचतो.

बैठकीच्या दिवशी

पक्षकाराला अर्धा तास आधी बोलवा. मोबाइल बंद, रेकॉर्डिंग नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर काहीही टाकायचं नाही.

सुरुवातीचं निवेदन पाच मिनिटांचं असू द्या. कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, वाचू नका. समोर बसलेल्या बहिणीकडे बघून बोला. 'वादी' म्हणू नका, 'ताई' म्हणा. "ताईंचा हिस्सा नाकारायचा नाही, तो कसा द्यायचा हे बोलायला आम्ही आलो आहोत," असं पहिलं वाक्य पक्षकाराशी आधी ठरवून घेतलं असेल तर खोलीतलं वातावरण तिथेच बदलतं. ठरवलं नसेल तर मात्र हे वाक्य चुकूनही म्हणू नका. तो तुमच्याकडे बघतच राहील.

मग पक्षकाराला बोलू द्या. त्याच्या तोंडून एखादं कडू वाक्य निघेल, समोरून उत्तर येईल, कोणी रडेल. लगेच मध्ये पडू नका. उलटतपासाची सवय अशा वेळी आवरावी लागते. बहिणीच्या बोलण्यातली विसंगती पकडून दाखवली तर तुम्हाला मुद्दा मिळेल आणि तडजोड जाईल.

मध्यस्थ दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटतो. त्या खासगी भेटीत कोणती गोष्ट पलीकडे सांगायला हरकत नाही आणि कोणती सांगायची नाही, हे दर वेळी स्पष्ट सांगा. प्रस्ताव जर-तर मध्ये द्या. "घर, विहीर आणि पुढची एकर एकत्र राहणार असेल तर रक्कम वाढवण्याचा विचार करू." उत्तर आल्याशिवाय स्वतःच पुढचा आकडा सांगू नका. समोरून शांतता आली की नव्या वकिलाला ती सहन होत नाही आणि तो आपल्याच प्रस्तावावर चढा बोलतो.

बोलणी अडली तर तुकडे करा. रकमेवर अडली असेल तर आधी विहिरीच्या पाळ्या ठरवा, मग वाट ठरवा. दोन मुद्दे मिटले की तिसऱ्याकडे माणसं वेगळ्या नजरेने बघतात. आणि घरातले देव कोणाकडे राहणार, कुलदैवताचे टाक कोणाच्या देव्हाऱ्यात जाणार, हे विचारायला विसरू नका. याची किंमत दाव्यात शून्य असते. सगळं ठरल्यावर, सहीच्या वेळी हाच मुद्दा निघून बैठक मोडलेली मी पाहिली आहे.

तडजोड लिहिताना

जमलं की सगळ्यांना घरी जायची घाई होते. जागचे उठू नका. तडजोड त्याच बैठकीत लिहून, वाचून दाखवून, सह्या घेऊनच उठा. मुद्द्यांचा कच्चा मसुदा तुमच्याकडे आधीच असेल तर हे तासाभराचं काम आहे.

मसुदा असा लिहा की उद्या तुम्ही नसलात तरी मंडल अधिकाऱ्याला आणि दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टाला तो कळेल. 'प्रतिवादी क्र. १ वादीस योग्य ती रक्कम लवकरात लवकर देईल' या वाक्यावर दरखास्त चालत नाही. असं लिहा: 'प्रतिवादी क्र. १ वादीस रु. ३,३३,३३३ (अक्षरी तीन लाख तेहतीस हजार तीनशे तेहतीस) वादीच्या बँक खात्यात तीन समान हप्त्यांत, खाली नमूद तारखांना जमा करेल. कोणताही हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल व तीवर द. सा. द. शे. ९ दराने व्याज द्यावे लागेल.' दर काय ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण चुकल्यास काय होणार हे लिहिलेलं हवं.

जमिनीबाबत प्रत्येक हिश्श्याचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि सगळ्यांच्या सह्यांचा नकाशा. वाट किती फूट रुंद, कुठल्या बांधाकडून, ट्रॅक्टर आणि उसाची गाडी जाईल का. विहिरीच्या पाळ्या दिवसांनुसार, विजेचं बिल आणि मोटार दुरुस्ती कोणाकडे किती. बांधावरची झाडं. उभा ऊस कोण तोडणार आणि ताबा कोणत्या तारखेला. सोसायटीचा बोजा कोणाच्या हिश्श्यावर राहणार. खातेफोडीच्या, म्हणजे सातबारे वेगळे करण्याच्या अर्जावर सगळे सह्या करतील, हे कलम वेगळं लिहा.

एक कायदेशीर बारकावा इथे पक्का लक्षात ठेवा. तडजोडीच्या हुकूमनाम्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण तडजोडीत दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आली, समजा गावठाणातली जुनी जागा बहिणीला देण्याचं ठरलं आणि ती दाव्यात नव्हतीच, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) मधली सूट तिला मिळत नाही. अशा वेळी आधी दावा दुरुस्त करून ती मिळकत आत घ्यायची की नोंदणी करायची, हे ठरवा. शिवाय वाटपाचा अंतिम हुकूम हा मुद्रांक कायद्याच्या अर्थाने वाटपपत्रच असतो, त्यावर मुद्रांक लागतो. त्याचा खर्च कोण करणार, हेही लिहा.

ऑर्डर २३ नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी. नियम ३-अ मुळे हा हुकूमनामा रद्द करायला वेगळा दावा चालत नाही. म्हणून सहीआधी प्रत्येक कलम पक्षकाराला मराठीत, सावकाश वाचून दाखवा, आणि "कळलं का?" असं विचारण्याऐवजी "यात काय ठरलं ते मला सांगा" असं विचारा. तो जे सांगेल त्यात मसुद्यातल्या चुका सापडतात.

त्यानंतर

कोर्टात पुरशीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) आणि तडजोडपत्र दाखल करून, पक्षकारांना हजर ठेवून हुकूमनामा करून घ्या. लोकअदालतीपुढे ठेवलं तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे भरलेली कोर्ट फी परत मिळते. परताव्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. मात्र महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे, त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या बहिणीला परत मिळण्यासारखं बहुधा काही नसेल. हे तिच्या वकिलाने तिला आधीच सांगितलेलं बरं.

तडजोड झाली नाही तर तिथे ऐकलेलं एक अक्षरही उलटतपासात आणायचं नाही. पण तुमची तयारी वाया जात नाही. सरस-निरस हिशेब, पावत्या, नकाशा हे सगळं पुराव्यात लागतं. पक्षकाराला निघताना एवढंच सांगा की निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत हा रस्ता उघडा आहे. एखादी बहीण सहा महिन्यांनी स्वतःहून फोन करते, आणि तेव्हा तुमच्या डायरीतला तिसरा आकडा पुन्हा एकदा तपासून बघावा लागतो.

झाली तर हुकूमनाम्याची नक्कल घेऊन खातेफोड आणि फेरफाराचा अर्ज स्वतः करून द्या, पक्षकारावर सोडू नका. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, नोंद मंजूर होते. तिघांचे वेगळे सातबारे निघेपर्यंत ती फाइल कपाटात टाकू नका. पहिल्या हप्त्याची तारीखही तुमच्या डायरीत लिहा आणि त्याच्या आठवडाभर आधी थोरल्याला फोन करा.